डावीकडची हाक

"सुनीता, मेंदूचा सीटी स्कॅन बुक केलाय. राऊळांना खाली शिफ्ट कर," आमचे सर्जन फोनवर म्हणाले.

"सर, थोडं थांबू या?"

"कशासाठी? दुपार झाली. अजून डोळे उघडत नाहीत. स्ट्रोक असला तर थांबून काय मिळणार?"

सरांचं काही चुकत नव्हतं. मी भूलतज्ज्ञ आहे. मुलुंडच्या एका हॉस्पिटलात हार्टच्या ऑपरेशनला भूल देते. लोकांना वाटतं, आमचं काम झोपवण्याचं. झोपवणं सोपं असतं हो. खरी परीक्षा उठवताना.

ओपन हार्टनंतर पेशंट आयसीयूत व्हेंटिलेटरवर असतो, म्हणजे घशातल्या नळीतून मशीन श्वास देतं. सकाळी झोपेचं औषध बंद करायचं आणि नावानं हाक मारायची. डोळे उघडा, हात दाबा, पाय हलवा. ऐकलं की नळी काढायची. नाही ऐकलं की आमची धावपळ सुरू होते, कारण ऑपरेशनच्या वेळी एखादी बारीक गुठळी मेंदूत गेली तर हेच होतं.

वसंत राऊळ भांडुपचे, लिफ्टच्या कंपनीतून रिटायर झालेले. बायपास उत्तम झाली होती. पण सकाळपासून मी हाक मारत होते आणि माणूस ढिम्म. चिमटा काढला की हात आखडायचे, तेवढंच. त्यांना सीटीला नेणं म्हणजे वरात होती. व्हेंटिलेटर, औषधांचे पंप, छातीतून काढलेल्या नळ्या, सगळं सोबत. त्यात त्यांचं बीपी नुसती कूस बदलली तरी कोसळत होतं. वाटेत लिफ्टमध्ये कोसळलं असतं तर ते परत वर आलेच नसते.

"मॅडम," जिन्सी सिस्टर म्हणाली. ती केरळची, पण मराठी झकास बोलते. "तुम्ही हाक मारली की काकांचा हार्ट रेट वर जातो. बघा तुम्ही."

"वसंतराव!" मी म्हटलं. मॉनिटरवरचा आकडा भराभर चढला आणि हळूहळू उतरला.

"म्हणजे ऐकू येतंय त्यांना!"

"हो. पण तुम्ही नाही बोलला तरी जातो," ती म्हणाली. "हा बघा. आत्ता कोण बोललं?"

कोणीच बोललं नव्हतं. आकडा मात्र चढला होता. मी उगाच आजूबाजूला पाहिलं. मी त्यांच्या उजवीकडे उभी होते. डावीकडचा बेड सकाळीच रिकामा झाला होता. तिथला पेशंट वॉर्डात गेला नव्हता, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

मी राऊळांची पापणी उचलायला गेले, तर त्यांनी डोळा गच्च मिटून घेतला. बेशुद्ध माणूस असा डोळा मिटत नाही. घाबरलेलं पोर मिटतं.

मी त्यांच्या बायकोला आत बोलावलं. राऊळकाकू टोपी, मास्क घालून आल्या आणि पायाशी उभ्या राहिल्या. मी त्यांच्यासमोर पुन्हा एक हाक मारली आणि नेहमीसारखी चिमटा काढायला वाकले.

"मॅडम, तुम्ही सकाळपासून अशीच हाक मारताय? एकदाच?"

"एकदा मारायची, मग तपासायचं. पद्धत आहे आमची."

"मग ते ओ द्यायचे नाहीत. आमच्या गावाकडे पहिल्या हाकेला कोण ओ देत नाय." त्यांनी आवाज खाली आणला. "जो गेलेलो असता ना, तो एकदाच हाक मारता. तीनदा मारूक त्याका जमणा नाय."

"काकू, इथे सगळे त्यांना हाका मारतायत."

"सिस्टर काका म्हणतात. नावानं कोण मारतं?"

नावानं फक्त मीच मारत होते.

"मग तुम्ही मारा ना. तुमचा आवाज ओळखतील."

"नाय गं बाई. ज्यानं सुरू केली, त्यानंच पुरी करायची."

एवढं शिकून हे काय करतेय मी, असं वाटलं. पण सीटीपेक्षा हे स्वस्त आणि सुरक्षित होतं.

"वसंतराव!" आकडा चढला.

"वसंतराव!" आणखी चढला. मी श्वास घ्यायला थांबले. आकडा उतरायला लागला आणि मध्येच, कोणी काही बोललेलं नसताना, एकदम उसळला. जिन्सीनं गळ्यातला क्रॉस धरला. मलाही भीती वाटली, उगाच खोटं कशाला बोलू?

"वसंतराव!"

त्यांनी डोळे उघडले. आधी डावीकडे पाहिलं, रिकाम्या बेडकडे. मग माझ्याकडे. हात दाबला, दोन्ही पाय हलवले. मी सीटी रद्द केला आणि संध्याकाळी नळी काढली.

वॉर्डात गेल्यावर मी त्यांना विचारलंच. छातीशी उशी धरून बसले होते. खोकताना टाक्यांवर ताण येऊ नये म्हणून आम्ही ती देतो.

"तुम्ही उजवीकडे होतात," ते म्हणाले. "आणि तुमचीच हाक डावीकडून पण यायची. सेम आवाज. एकदाच यायची. यातली खरी कुठली, मला कसं कळणार? म्हणून म्हटलं, कोणालाच ओ द्यायची नाय."

मी त्यांना समजावलं. औषधांचा अंमल, झोप नाही, दिवसरात्र दिवे चालू. आयसीयूत पुष्कळांना भास होतात, आम्ही त्याला डिलिरियम म्हणतो. त्यांनी शहाण्या मुलासारखी मान हलवली.

"असेल, मॅडम. पण दुसऱ्या हाकेनंतर तुम्ही थांबलात ना, तेव्हा ती डावीकडची पुन्हा बोलली. तेव्हा माझं नाव नाय घेतलं तिनं. सुनीता म्हणाली."

सर मला सुनीता म्हणतात. गुंगीत राऊळांनी ते कधीतरी ऐकलं असणार. दुसरं काय?

आता मी प्रत्येक पेशंटला तीन हाका मारते. ज्युनिअर विचारतात, तेव्हा प्रोटोकॉल आहे म्हणून सांगते. नातेवाइकांनाही आधीच विचारून ठेवते, की यांना घरी कोण कशी हाक मारतं. डॉक्टरांनी हे विचारायला हवं आणि कुठल्याही पुस्तकात ते नाही.

आणि आयसीयूत मला मागून कोणी एकदाच हाक मारली, तर मी वळत नाही. मॅडमना हल्ली कमी ऐकू येतं, असं सगळे म्हणतात. म्हणू देत.