संमतीपत्रातली शेवटची ओळ

मुलींचा कबड्डी संघ तालुक्याला न्यायचा म्हणजे आधी पालकांच्या सह्या. संमतीपत्राचा मजकूर माझाच, बारा वर्षं तोच, फक्त तारीख बदलायची. शेवटची ओळ तर मला तोंडपाठ होती : ‘खेळताना इजा झाल्यास शाळा व क्रीडाशिक्षक जबाबदार राहणार नाहीत.’ कुणी ती वाचत नसे. सरांनी आणलंय म्हणजे ठीकच असणार, म्हणून सही, वर चहा.

त्या वर्षी एका आईने ती वाचली. कापूस वेचून नुकतीच घरी आलेली बाई. तिची लेक म्हणजे आमच्या संघातली चढाईची एकमेव भरवशाची पोरगी.

"सर, नेणार तुमी, खेळवणार तुमी. अन् पोरगी पडली तर जिम्मेदार कोण?"

"ताई, तसा नियम हाय."

"कुणाचा?"

माझाच होता, पण ते सांगायची सोय नव्हती.

"ती ओळ खोडा, मंग सही करते. न्हाई तर पोरगी यायची न्हाई."

मी भडकलो. जिंतूरला वकिली करणाऱ्या वर्गमित्राकडे तावातावाने गेलो. तो पोट धरून हसला. "अरे, पडणं, खरचटणं खेळात आलंच, त्यासाठी तुला कुणी धरत नाही. पण तुझ्या हलगर्जीपणानं पोरीचा पाय मोडला, तर ही ओळ कोर्टात तुला वाचवायची नाही. मग ठेवलीस कशाला?"

परत येऊन ओळ खोडली. आईने सही केली. आता जबाबदार मीच.

सामन्याच्या दिवशी मी तासभर आधी पोचून मैदानावरचे खडे वेचले. दुसऱ्या शाळेचे सर म्हणाले, "काय सर, तांदूळ निवडायलात का?" मी त्यांनाही वेचायला बसवलं.

शेवटची दोन मिनिटं, गुण बरोबरीत. आमची पोरगी चढाईला गेली, चौघींनी तिला दाबली, ती खाली गेली आणि मी शिट्टीची वाट न पाहता थेट मैदानात घुसलो. तिला काही झालं नव्हतं. पंचांनी माझ्या घुसखोरीचा गुण समोरच्या संघाला दिला. आम्ही त्याच गुणानं हरलो.

"सर, मी सुटले असते की!" पोरगी रडत ओरडली.

तिचं खरं होतं. पण मला हरल्याचं काहीच वाटेना, लाज मात्र वाटली. बारा वर्षांत कितीतरी पोरी पडल्या होत्या, आणि मी दरवेळी रेषेबाहेर उभा राहून गुणफलक बघत होतो.