अक्काचा बर्फातला कार्यक्रम

कोरमंगलातल्या एका प्रवास कंपनीत मी नऊ वर्षं एकच काम करतेय. जे आल्प्समधल्या छोट्या स्की-गावांत जातात पण स्की करत नाहीत, त्यांचे दिवस आखून द्यायचे. आपल्याकडचं कुटुंब गेलं की दोघं उतारावर घसरायला जातात आणि उरलेले चौघं हॉटेलात चिवडा खात बसतात. त्या चौघांसाठी मी. घोड्याची बर्फगाडी, वितळलेल्या चीजचं जेवण, मशाली घेऊन फेरफटका. तिथली मजा दुपारी चारला सुरू होते आणि नऊला हॉटेलचं स्वयंपाकघर बंद, हे माझं तोंडपाठ. बर्फ मात्र मी फ्रीजमधलाच पाहिलाय. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

भावजी गेल्यापासून दोन वर्षं माझी अक्का घराबाहेर पडली नव्हती. आम्ही एकाच घरात राहतो, ती खाली, मी वर. तिची भाजी, बँक, औषधं, सगळं मीच बघायचे. आमच्याच शहरात मारतहळ्ळीत राहणारा तिचा मुलगा म्हणाला, आम्ही दोघं स्कीला जातोय, आईलाही नेतो. अक्काने गुडघा पुढे केला. मी भांडभांड भांडले आणि पाठवली तिला. पण मनात धाकधूक होतीच: तिथेही खोलीत बसून राहिली, तर पुन्हा म्हणून ही बाई उंबरा ओलांडायची नाही.

म्हणून मोठ्या अक्षरांत तासातासाचा कागद करून दिला. हॉटेलमागे बर्फाची सपाट पट्टी होती, तिच्यावर संध्याकाळी लोक दांडा लावलेली जड चकती सरकवत खेळतात. ते मी खोडलं. पडली म्हणजे? त्याऐवजी लिहिलं, तीन वाजता सौना, म्हणजे तापवलेली लाकडी खोली, गुडघ्याला शेक. आणि वर बजावलं, एकेक झालं की मला फोन करायचा.

पहिल्या दिवशी केले तिने फोन. "गाडीत बसले. झालं." "चीज खाल्लं. झालं." शाळेत हजेरी द्यावी तसे.

दुसऱ्या दिवशी तिथले तीन म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसात. आठ झाले, सव्वाआठ झाले, फोन नाही. मी अकरा वेळा लावला. शेवटी भाच्याला गाठलं, तर तो उतारावर. "मावशी, तिला सौनाच्या दाराशी सोडून आलोय. तूच लिहिलं होतंस ना? आत फोन चालत नाहीत."

जरा हायसं वाटलं. मग उगाच त्या हॉटेलच्या वेबसाइटवरचं नियमांचं पान उघडलं. सौना स्त्री-पुरुषांचा एकत्र. आत अंगावर कपडे घालून येऊ नये.

अगं आई गं! नऊ वर्षांत एवढी एक ओळ मी वाचली नव्हती. कितीतरी काका-काकूंना तिथे पाठवलं असेल. कुणी परत येऊन तक्रार का केली नाही, ते आत्ता कळलं. आणि माझी अक्का! डॉक्टरला गुडघा दाखवताना साडी चार बोटंच वर करणारी. मी पंखा लावला, बंद केला. घासलेला कुकर पुन्हा घासला. गच्चीवर गेले, फोन खाली राहिला म्हणून धावत उतरले. हिला तिथे मेल्याहून मेल्यासारखं झालं असेल, आणि हे सगळं माझ्या हाताने, असं सारखं वाटत होतं.

साडेनऊला तिचा फोन आला. मागे गाणी, आरडाओरडा.

"कुठे आहेस तू?"

"बर्फावर. स्वल्प, जरा जोरात बोल."

"अक्का, तो सौना..."

"दार उघडलं तर आत दोघं म्हातारा-म्हातारी. अंगावर सूत नाही! मी सॉरी म्हटलं, तर नमस्कार करायला उठून उभे राहिले की गं! मी धूम ठोकली ती मागच्या दाराने. तिथे चार बाया चकती सरकवत होत्या. एकीने ये म्हणून हात केला. गेले."

"गुडघा?"

"आहे की जागेवर. दोन डाव जिंकले."

मी हसता हसता रडायलाच लागले. माफी मागितली आणि लगेच म्हणाले, "बरं, उद्या नऊला आधी तू..."

"थांब. रागावू नकोस, एक सांगते," ती म्हणाली. तिचा आवाज एकदम खाली आला. "हे गेले तेव्हा रडायलासुद्धा तू मला मोकळं सोडलं नाहीस. माणसं आली, चहा झाला, आता झोप, आता ऊठ. दोन वर्षं मी बाहेर पडले नाही म्हणतेस. पडायचं कशाला? मी चप्पल शोधेपर्यंत तू काम करून आलेली असायचीस."

मी पुन्हा पंखा लावला.

"उद्या फोन करू नकोस. वाटलं तर मी करीन."

"सरी, ठीक आहे," मी म्हटलं. राग आला होता, खोटं कशाला बोलू. हिच्यासाठी एवढं केलं त्याचं हे फळ, असं रात्रभर घोकत बसले. ती खरं बोलली होती, म्हणून जास्तच झोंबलं.

तिचा फोन आला तो थेट विमानतळावरून. परतल्यावर आठवड्याने एका सकाळी ती पिशवी घेऊन निघाली. "कुठे?" अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. ती गल्लीच्या टोकाला वळली आणि मी जिना उतरून फाटकाशी तिची वाट बघत उभी राहिले. दीड तास झाला. ऑफिसची कॅब येऊन हॉर्न वाजवून गेली, पण माझा पाय तिथून हलेना.