नाश्त्यासह दोन रात्री

हॉटेलातली माणसं त्यांना प्लॅनकाका म्हणत. त्यात निम्मी चेष्टा होती आणि निम्मा आदर. बुकिंगच्या टेबलावर त्यांची चौतीस वर्षं गेली. फोन वाजला की काकांचा पाढा सुरू व्हायचा: नुसती खोली हवी, की नाश्त्यासह, की नाश्ता आणि रात्रीचं जेवण, की तिन्ही वेळचं? हंगामात भाव काय, आडदिवसांत काय, जादा गादीचे किती, कितव्या वर्षापर्यंतच्या मुलाला फुकट, सगळं तोंडपाठ. मोबाइलवर खोल्या मिळायला लागल्या तरी जुनी गिऱ्हाइकं काकांनाच फोन करत. हा माणूस महागातलं गळ्यात मारत नाही, अशी त्यांची ख्याती होती.

"तिन्ही वेळचं घेऊ नका," असं ते आवाज खाली आणून सांगायचे. "दुपारी तुम्ही फिरायला जाणार, जेवण इथे वाया. फक्त नाश्ता घ्या आणि तो पोटभर करा." मालकांच्या भावाने हे एकदा ऐकलं आणि मालकांच्या कानावर घातलं. मालक हसले आणि म्हणाले, ज्यांना हा माणूस स्वस्तात सोडतो, तेच दरवर्षी परत येतात. तेव्हापासून काकांची मान जी ताठ झाली ती झालीच.

हॉटेलात खाण्याच्या जागा तीन होत्या. दाराशी कॉफी आणि सँडविचची, तळमजल्यावर मोठं जेवणघर, आणि गच्चीवर पांढऱ्या टेबलक्लॉथचं, जिथे वेटरसुद्धा हळू बोलत. काका या तिन्हींचं वर्णन फोनवर असं करत की ऐकणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटावं. स्वतः मात्र जेवत तळघरातल्या कामगारांच्या कँटीनमध्ये. नातेवाइकांना वाटे, हॉटेलातला माणूस, याची काय चैन असेल. बायको तर चौतीस वर्षांत एकदाच तिथे आली होती, तीही विसरलेली छत्री द्यायला, आणि दारातूनच परत गेली होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

काका निवृत्त झाले तेव्हा मालकांनी हार-तुऱ्यांत वेळ घालवला नाही. दोघांनी मिळून दोन रात्री राहायला या, म्हणाले, खोली कोणतीही, प्लॅन कोणताही, सगळं हॉटेलकडून. काकांनी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा बायको भांडी पुसत होती. तिने हातातलं ताट खाली ठेवलं. इतक्या वर्षांत तिने कधी दागिना मागितला नव्हता की कुठे न्या म्हणून हट्ट धरला नव्हता. सासूसासरे होते तोवर दोघांची पथ्यं वेगळी, मग मुलीच्या शाळेचा डबा, मग काकांच्या बदलत्या पाळ्या. मुलगी लग्न होऊन गेली तरी गॅस काही बंद पडला नव्हता.

"मला बाकी काही नको," ती म्हणाली. "दोन दिवस गॅससमोर उभं राहायचं नाही, एवढंच."

काकांना भरून आलं. हे दोन दिवस तिच्यासाठी सोन्यासारखे करायचे, असं त्यांनी मनाशी ठरवलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन त्यांनी स्वतःच्या नावाचं बुकिंग स्वतःच लिहिलं. खोली चांगली चौथ्या मजल्यावरची निवडली, खिडकीची. आणि प्लॅनच्या रकान्यात त्यांच्या हाताने आपोआप खूण केली: नाश्त्यासह. फुकट मिळतंय म्हणून मालकांच्या अंगावर सगळंच कशाला टाकायचं? शिवाय तिन्ही वेळचं घेणं म्हणजे धंद्यातल्या माणसाने फसण्यासारखं. हा हिशेब त्यांनी रात्री बायकोला कौतुकाने समजावून सांगितला. तिने एकच विचारलं, म्हणजे दुपारचं आणि रात्रीचं आपलं आपण का?

"हो. बघू काहीतरी," काका म्हणाले.

'बघू काहीतरी' हे वाक्य घरात जो म्हणतो, त्याला सहसा काही बघावं लागत नाही.

ठरलेल्या दिवशी काका सकाळीच पुढे गेले; निघताना स्वयंपाकघरात भांडी वाजत होती, पण ती रोजच वाजत. त्यांच्या जागी आलेल्या मुलीला कपाटाच्या किल्ल्या द्यायच्या होत्या. बाराच्या सुमाराला बायको टॅक्सीने आली. तिच्याकडे दोन पिशव्या होत्या आणि त्यातली एक उचलताना हमालाने तोंड वाकडं केलं. दोन दिवसांसाठी इतके कपडे कशाला, असं काकांच्या मनात आलं, पण हौस असेल, असं त्यांना वाटलं. वर गेल्यावर त्यांनी तिला दिव्याची बटणं दाखवली, पडदे ओढून दाखवले, गरम पाण्याचा नळ कुठे फिरवायचा ते दाखवलं. जणू ही इमारत त्यांनीच बांधली होती. तिने गादी हाताने दाबून पाहिली, खिडकीतून खालची रहदारी पाहिली आणि हसली. मग तिने घड्याळ पाहिलं, लिहायच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि जड पिशवी उघडली.

एकामागून एक डबे बाहेर आले. भात, दोन भाज्या, उकडलेले बटाटे, चिरलेली फळं. स्टीलच्या दोन ताटल्या आणि चमचेसुद्धा.

"हे काय?" काकांनी विचारलं.

"दुपारचं. त्या मोठ्या डब्यात रात्रीचं आहे आणि उद्याचं कोरडं वेगळं बांधलंय. बाहेर कुठे खाणार? हॉटेलच्या आसपासचे सगळे पाहुण्यांना लुबाडतात, असं तुम्हीच सांगता ना?"

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर काकांनी परतवला असता. पहाटे साडेतीनला उठून ती दोन दिवसांचा स्वयंपाक एकदम करून आली होती. ज्या गॅसपासून तिला सुटका हवी होती, त्याच्यासमोर ती आज रोजच्यापेक्षा जास्त वेळ उभी राहिली होती, आणि ते काकांच्या हुशारीमुळे.

काका पलंगाच्या कडेला बसले. खोल्या साफ करणाऱ्या बायका नेहमी तक्रार करायच्या की कुटुंबवाले पाहुणे डबे आणतात, खोलीला वास राहतो. काका हसण्यावारी न्यायचे. त्यांना आता फोनवरचे ते आवाज आठवले. बहुतेक पुरुषांचे असत, आणि ते 'बरोबर आहे तुमचं' म्हणत. कधी कधी मागून एक बाई काहीतरी विचारायची आणि तो माणूस तिला म्हणायचा, बघू काहीतरी. अशी किती घरं झाली असतील? काकांना मोजवेना. त्यांना स्वतःची लाज वाटली.

ते उठले आणि खोलीतल्या फोनवरून त्यांनी आपल्याच जुन्या टेबलाचा नंबर फिरवला. आमचा प्लॅन बदल, तिन्ही वेळचा कर, असं त्यांनी नव्या मुलीला सांगितलं. मुलगी हुशार होती. ती आवाज खाली आणून म्हणाली, "काका, तिन्ही वेळचं घेऊ नका. दुपारचं वाया जातं."

"कोणी शिकवलं तुला हे?"

"तुम्हीच."

"मग चुकीचं शिकवलं," काका म्हणाले. "यापुढे फोन आला की आधी विचारायचं, घरी स्वयंपाक कोण करतं. आणि त्या माणसाला फोनवर बोलवायचं."

बायको ऐकत होती. तिने आढेवेढे घेतले, केलेलं अन्न टाकायचं नाही म्हणाली. मग काकांनी सगळे डबे पिशवीत भरले आणि स्वतः तळघरातल्या कँटीनमध्ये नेऊन दिले. तिथे खोल्या साफ करणाऱ्या बायका जेवायला बसल्याच होत्या. त्यांनी डबे बघता बघता रिकामे केले आणि काकूंच्या हाताला चव आहे म्हणून निरोप पाठवला. तो ऐकून ती खुलली.

मग दोघं गच्चीवर गेली. ओळखीच्या वेटरने खुर्ची मागे ओढली तेव्हा ती आधी बिचकली, मग बसली आणि टेबलाखाली हळूच चपला काढल्या. मेन्यू तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. सूप आलं. तिने चमचाभर चाखून मीठ कमी आहे असं जाहीर केलं, आणि ते सांगताना तिचा चेहरा असा उजळला की काका बघत राहिले. मीठ कमी पडलं होतं आणि तो दोष तिचा नव्हता.

काकांना उत्साह आला. कोणत्या वारी स्वयंपाकघरात काय शिजतं, ते त्यांना पाठच होतं. ते पुढे झुकून म्हणाले, आज मंगळवार, म्हणजे रात्री...

तिने हात वर केला.

"सांगू नका," ती म्हणाली. "रात्री काय आहे, ते मला रोज सकाळी उठल्यापासून माहीत असतं. आज नको."

तिने रिकामा वाडगा थोडा पुढे सरकवला आणि तो उचलायला कोणीतरी येईल म्हणून खुर्चीला टेकून बसली.