साडूंचा अँप्लिफायर

आमच्या मुरबाडच्या साडूंइतका विजेचा अपमान अख्ख्या ठाणे जिल्ह्यात कुणी केला नसेल. आमच्याकडे वीज आपण होऊन जाते, हे गृहस्थ असलेली वीज घालवून बसतात. निमित्त बायकोचं. माझ्या थोरल्या मेहुणीला तापानंतर ऐकू येईनासं झालं. कानात घालायचं यंत्र आणलं, पण त्यात भांडी आदळल्यासारखं वाजतं म्हणून तिनं ते मिसळणाच्या डब्यात टाकून दिलं. मग साडूंनी स्वतःच अँप्लिफायर बनवायचा विडा उचलला, आणि तोही फक्त बॅटरीवरचा. “लाइटीत गुणगुण असते. बारीक आवाज मोठा करायला गेलं की तीपण मोठी होते. बॅटरी कशी, गप्प असते,” असं ते सांगतात. स्वतः मात्र गप्प बसत नाहीत.

या यंत्राला बॅटऱ्या दोन लागतात, एक अधिक बाजूला, एक उणे बाजूला, आणि दोघींचा जोर सारखा हवा म्हणे. त्यासाठी हा माणूस बाजारात मीटर घेऊन जातो आणि दुकानदाराचा अख्खा खोका तपासत बसतो. दुकानदार एकदा वैतागून म्हणाला, “काका, तुमी बॅटरी घेताय का लग्न जुळवताय?” साडू गंभीरपणे उत्तरले, “लग्नात थोडं कमीजास्त चालतं रे.” शहापूरला आमच्याकडे गणपतीला आले, तेव्हा सोबत आणलेल्या अर्धवट यंत्रात गुणगुण शिरते म्हणून त्यांनी न विचारता मेन स्विच पाडला. फ्रिजमधलं दूध नासलं. इतका बिनकामाचा विद्वान मी दुसरा पाहिला नाही, आणि हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलंही आहे.

गेल्या महिन्यात बायकोला घेऊन मुरबाडला गेलो, तर यंत्र तयार. साबणदाणीएवढा डबा आणि त्याला हेडफोन. ऐकू येत नाही म्हणून इतकी वर्षं ओरडूनच बोलायची सवय झालेल्या माझ्या मेहुणीनं तो नाक मुरडतच कानाला लावला. फजितीला साक्षीदार हवा म्हणून मी खुर्ची पुढे ओढली. साडू तिच्यासमोर उकिडवे बसले होते. तिनं डोळे बारीक केले.

“तुमची छाती घरघरते,” ती म्हणाली. ओरडून नाही, अगदी हळू. “खोकल्याचं औषध घेत नाय ना तुमी?”

साडूंनी नकारार्थी मान हलवली. मग तोंडावर पंचा धरून ते रडू लागले, आणि ती तेही ऐकत राहिली. माझ्या जिभेवर आलेला टोमणा मी गिळला. त्या माणसाचा मला इतका हेवा वाटला, की परतीच्या वाटेवर मी बायकोशी नीट बोलूही शकलो नाही.