घरचं वातावरण

मुलगी तिसरीत असताना तिच्या बाईंनी मला शाळेत बोलावून घेतलं. वर्ग सुटला होता. मी तक्रार ऐकायच्या तयारीनं गेले होते आणि तक्रारच होती. नऊचा पाढा म्हणायला सांगितला की माझी मुलगी मध्येच थांबते आणि विचारते, उत्तरातले आकडे मिळवले की दर वेळी नऊच का येतात? गणितं सगळ्यांच्या आधी उरकते, मग शेजारणीला बोलत ठेवते. बाई थकलेल्या दिसत होत्या. म्हणाल्या, "मी तिला गप्प बसवते आणि नंतर मलाच वाईट वाटतं. तिला जास्तीचं काहीतरी द्या. एवढ्या मुलांत माझ्याकडून होत नाही."

त्यांनीच अंबरनाथच्या एका क्लासचं नाव सांगितलं. लहान पण खूप हुशार मुलांसाठीचा क्लास. कोडी, प्रयोग, बुद्धिबळ, सहली.

मी उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात मार्किंग करते. टेबलावर कापडाचे थर पसरले की सगळ्यात वर पुठ्ठ्याचे फर्मे मांडायचे आणि खडूनं आखायचं; त्या रेघांवरून कटिंग मास्तर मशीन फिरवतो. शिक्षण बारावी. मिस्टर अंबरनाथच्या एमआयडीसीत ऑपरेटर आहेत. राहायला आम्ही बदलापूरला, शिरगावात.

क्लासमध्ये मुलीची परीक्षा झाली. ती बाहेर आली तेव्हा हसत होती; म्हणाली, शेवटचं कोडं मस्त होतं. मग मला आत बोलावलं. मी भरलेला फॉर्म मॅडमच्या पुढ्यात होता. आईवडिलांचं शिक्षण, घरात बोलली जाणारी भाषा, घरातल्या पुस्तकांची संख्या. शाळेची सोडून अकरा होती, मी अकराच लिहिली होती. वर्षभरात मुलाला दाखवलेली ठिकाणं या रकान्यात मी लिहिलं होतं : उल्हास नदी, बारवी धरण.

मॅडम गोड बोलत होत्या. पेपर उत्तम गेलाय, मुलीच्या हुशारीबद्दल प्रश्नच नाही, पण हुशारी टिकायला घरचं वातावरण लागतं, असं त्यांचं म्हणणं. इथले पालक मुलांबरोबर बसून प्रोजेक्ट करतात, इंग्लिशमध्ये बोलतात. तुम्हाला ते जड जाईल.

मी म्हटलं, "माझ्या घरात काय कमी आहे ते लिहून द्या."

"असं आम्ही लिहून देत नाही."

"मग तोंडानं तरी कशाला देता?"

मी उठले. माझा आवाज थरथरला नव्हता, याचं मला आजही बरं वाटतं. जिन्यात मुलीनं विचारलं, "मी नापास झाले?" मी सांगितलं, "तू पास झालीस. नापास त्यांनी मला केलंय."

घरी आल्यावर मिस्टरांनी सगळं ऐकून घेतलं. ते मुळात शांत. म्हणाले, जाऊ दे, आपण आपल्या पायरीनं राहावं. त्यांच्या मनात वाकडं काही नव्हतं, पण तो शब्द माझ्या अंगावर आला. आमच्या आजी-आजोबांनी धर्म बदलला तो पायरी ठरवणाऱ्यांना पाठ दाखवूनच. मी म्हटलं, "तो शब्द या घरात पुन्हा काढू नका." त्यांनी मान खाली घातली.

त्याच आठवड्यात शाळेला दोन दिवस सुट्टी होती आणि घरी कोणी नव्हतं, म्हणून मी मुलीला कारखान्यात नेलं. ती टेबलाच्या कडेला उभी राहून बघत होती. पायांच्या मोठ्या तुकड्यांमध्ये मी खिशाचे छोटे तुकडे का घुसवते, ते आडवे का लावत नाही, असं तिचं सुरू झालं. मी दाखवलं : कापडाला ताण्याची, म्हणजे उभ्या धाग्याची दिशा असते, आडवा तुकडा धुतल्यावर वेगळाच खेचतो. कमरेकडची बाजू खाली, खालची वर, एवढं उलटं करता येतं. तिनं जुन्या कागदावर सगळ्या तुकड्यांचे छोटे फर्मे करून मागितले आणि कोपऱ्यात जमिनीवर मांडत बसली. पहिली मांडणी माझ्यापेक्षा वाईट. दुसरीत तिनं दोन तुकडे चोरून आडवे केले होते, मी पकडलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं हाक मारली. मी येऊन बघितलं, मोजलं, पुन्हा मोजलं. माझ्या मांडणीपेक्षा दोन बोटं कापड वाचत होतं. अकरा वर्षं मी ते काम करत होते. मला वाटला तो अभिमान होता की हेवा, नक्की सांगता येणार नाही.

शेठ सिंधी, बोलायला मोकळे. त्यांनी ते पाहिलं आणि हसून म्हणाले, "बेटी को रोज ले आओ, तुमसे अच्छी मास्टर बनेगी."

मी म्हटलं, "शेठ, ये काम पे नहीं आएगी. देखने आएगी, सीखने आएगी." ते जरा चपापले, मग म्हणाले, ठीक आहे. तिचे हात मला त्या टेबलावर नको होते. डोकं कुठंही चालो.

पण एकट्या माझ्या टेबलावर किती दिवस भागणार? आमच्या विहारात पुस्तकांचं काचेचं कपाट आहे, कायम कुलूपबंद. किल्ली कमिटीतल्या एका वयस्कर काकांकडे. मी मागितली तर म्हणाले, पोरं पानं फाडतात. मी म्हटलं, "काका, वाचून फाटली तर मी चिकटवीन. न वाचता वाळवी लागली तर तुम्ही काय करणार?" त्यांनी एका रविवारी उभं राहून, स्वतःच्या हातानं कपाट उघडलं, आणि पुढच्या रविवारपासून किल्ली माझ्याकडे ठेवली.

वंदना झाली की दोन तास आम्ही बसायचो. सुरुवातीला माझी मुलगी धरून पाच मुलं होती. मग सोनिवलीकडच्या नव्या बिल्डिंगांमधूनही काही यायला लागली. कोण हुशार, कोण नाही, हे मी कोणाला विचारलं नाही. मिस्टर सुरुवातीला नुसते आम्हाला सोडायला यायचे. एकदा त्यांनी कंपनीतून भंगारात निघालेला प्रेशर गेज मागून आणला आणि मुलांसमोर उघडला. आतली वाकडी पितळी नळी दाब वाढला की सरळ व्हायला बघते, आणि म्हणून काटा फिरतो, हे ते सांगत होते. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण हा माणूस इतका बोलू शकतो हे मला माहीत नव्हतं.

वर्षभरानं अंबरनाथहून मॅडमचा फोन आला. एक जागा झाली आहे, मुलीचा पेपर लक्षात होता, शनिवारी पाठवाल का? मी नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. वाक्य जुळवून तयारच होतं, वर्षभर घोकलेलं. मुलगी शेजारी होती, तिनं हातानं थांबवलं. मी फोन बाजूला धरला.

"मला जायचंय," ती म्हणाली. "त्यांच्याकडे मायक्रोस्कोप आहे."

मी तिला आठवण करून दिली की त्यांनी आपला अपमान केला होता.

"तुझा केला होता. मला मायक्रोस्कोप बघायचाय."

मला राग आला, तिचाच. पण ती खरं बोलत होती. मी ज्यासाठी भांडले ते तिला मिळत असताना माझा राग आडवा लावणं म्हणजे मॅडमचंच काम पुरं करणं. मी फोनवर सांगितलं की पाठवीन, पण शनिवारीच. रविवार आमचा आहे. आणि माझ्या मुलीसमोर तिच्या घराबद्दल एक शब्द निघाला तर मी त्याच दिवशी घेऊन जाईन. मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "त्या दिवशी माझं चुकलं." मी ठीक आहे म्हटलं नाही. वेळ विचारली आणि फोन ठेवला.

आता ती पाचवीत आहे. पहिला नंबर येत नाही, अक्षर वाईट आहे, आणि नव्या बाईंनीही मला बोलावून घेतलं आहे, प्रश्न फार विचारते म्हणून. उद्या जायचंय. तिसरीच्या बाईंसमोर मी पदर सावरत, खुर्चीच्या कडेला टेकून बसले होते. उद्या नीट बसेन आणि विचारीन, तिचा कुठला प्रश्न चुकीचा होता ते सांगा.