सत्तावीस जणांना चार सतरंज्या

शाळेतल्या मावशीला राग आला की ती आधी बादली आपटते, मग फडकं पिळते, आणि फडक्यात थेंब उरला नाही की बोलायला लागते. त्या शुक्रवारी फडकं कधीच कोरडं झालं होतं, तरी मावशी पिळतच होती.

समोर पाण्याच्या टाकीजवळच्या पायरीवर मुंगी बसली होती. तिसरीतली ही पोरगी अंगाने एवढीशी आणि पाठीवर दप्तर मात्र तिच्याहून मोठं, म्हणून सगळी शाळा तिला मुंगी म्हणे. एरवी मधल्या सुट्टीत तिच्या तोंडाला कुलूप घालावंसं वाटायचं. आज ती हातातला गणिताचा पेपर नुसती दुमडत-उलगडत बसली होती. वीसपैकी नऊ. दहाला पास. नापास पोरांना सोमवारपासून मागच्या खोलीत बसवणार होते. त्या खोलीत मोडक्या खुर्च्या आणि फाटके नकाशे राहत, आणि खिडकी फक्त भिंतीवर रंगवलेली होती. खोलीला नाव मात्र झोकात दिलं होतं, ‘प्रगती वर्ग’.

“मावशी, मी ढ आहे ना?” मुंगीने विचारलं.

हा शब्द मावशीला विंचवासारखा डसतो. शाळेत तिची बावीस वर्षं गेली, पण ती झाडू हातात घेऊन. पाटी घेऊन जेमतेम चार. चौथीत सोळाचा पाढा अडला म्हणून गुरुजींनी तिला वर्गाबाहेर काढलं, आणि ती जी बाहेर पडली ती तडक घरीच. सोळाचा पाढा आजही विचारला तर ती विषय बदलते.

पण तिला पेले मोजायला सांगा! एकेक मोजणं तिला ठाऊकच नाही. “सात ओळी, ओळीत आठ पेले. पाच ओळींचे झाले चाळीस. राहिल्या दोन, त्यांचे सोळा. छप्पन्न! घोकता काय, पोपट आहात?” भागाकाराला ती वाटप म्हणते. खडूच्या पेट्या वर्गावर्गांत देताना ती पोरांना बजावते, “सगळ्यांना सारखं गेलं पाहिजे. आणि उरलं त्याचं काय करायचं, ते डोकं वापरून ठरवा. उरलं म्हणजे वाऱ्यावर सोडलं असं नाही.” मधल्या सुट्टीत दहा-बारा पोरं तिच्याभोवती गोळा होत. गणिताचे सर या प्रकाराला ‘टाइमपास’ म्हणत. सर मनाने वाईट नव्हते हो. फक्त वरून कागद आला की त्यांची मान आपोआप हलायची, तीही उभी.

मावशीने पेपर हातात घेतला. प्रश्न होता: एका सतरंजीवर सहा जण बसतात. सत्तावीस जणांना किती सतरंज्या लागतील? मुंगीने लिहिलं होतं, पाच. त्यावर एवढी मोठी लाल फुली, की जणू पोरीने शाळेला आग लावली होती.

मावशी तशीच ओल्या पायांनी शिक्षकांच्या खोलीत गेली.

“सर, ही फुली चुकून पडली का?”

“नाही मावशी. सत्तावीस भागिले सहा, भागाकार चार, बाकी तीन. उत्तरसूचीत चार आहे.”

“आणि ते तिघं?”

“कोण तिघं?”

“उरलेले. ते कुठं बसायचे? तुमच्या मांडीवर?”

सर हसले. हसायला नको होतं.

“मावशी, हे गणित आहे, झाडलोट नाही. उत्तरसूची वरून आलीय.”

“वरून म्हणजे कुठून? गच्चीवरून? गच्ची मीच झाडते सर. तिथं मला शहाणं माणूस कधी दिसलं नाही.”

शनिवारी तिसरीच्या पालकांची सभा होती. सरांनीच मावशीला सतरंज्या घालायला सांगितल्या. तिने घातल्या, कोपरे ताणून, सुरकुती न ठेवता. मोजून चार. पालक आले सत्तावीस. एकेका सतरंजीवर सहा जण गच्च बसले आणि तिघं उभे राहिले.

“मावशी, अजून एक टाका की!” सर म्हणाले.

“चारच लागतात सर. उत्तरसूचीत आहे.”

सभेत खसखस पिकली. सरांचे कान लाल झाले. मावशीला स्वर्ग दोन बोटं उरला होता, तेवढ्यात तिचं लक्ष उभ्या तिघांकडे गेलं. एक व्हॅनवाला बाप होता, एक कडेवर बाळ घेतलेली मुंगीची आई होती, आणि एक आजोबा. आजोबा काठीवर भार टाकून कसेबसे उभे होते. मावशी चरकली. सरांची जिरवायच्या नादात तिनेही त्या तिघांना नुसती बाकीच समजलं होतं की!

ती कपाटाकडे धावली. पण आईबरोबर आलेली मुंगी आधीच पोहोचली होती. आपल्याहून लांब, धुळीने माखलेली सतरंजी फरफटत आणत ती ओरडत होती, “सरका, सरका! आजोबा, तुम्ही आधी. आई, तू इथं.” मग तिने सतरंजीकडे बघितलं. “अजून तीन जागा रिकाम्या आहेत. सर, तुम्हीपण बसा ना.”

आता मात्र कुणी हसलं नाही.

“सर,” व्हॅनवाला म्हणाला, “माझ्या पोरानंही पाचच लिहिलं होतं. मी त्याला दोन रट्टे दिले त्यासाठी.”

सर खाली बसले. खिशातून पेन काढून त्यांनी मुंगीने पुढे केलेल्या पेपरावर नवाचे दहा केले.

“पण गुण तर वर कळवून झालेत,” ते पुटपुटले.

“मग परत कळवा. बोटं झिजतायत का?” मावशी म्हणाली.

“फुली तशीच आहे,” मुंगी हळूच म्हणाली.

“फुली खोडा सर. आणि ज्यांना तुम्ही त्या कोंडवाड्यात धाडताय, त्या सगळ्यांचे घरून सह्या होऊन आलेले पेपर काढा. आत्ता. यांच्या आईबापांसमोर.”

“सगळे? मावशी, सभेचा विषय स्वच्छता आहे.”

“मग स्वच्छच करा.”

तिसऱ्या पेपरला सरांच्या पेनातली शाई संपली. मावशीने कार्यालयातून दुसरं आणून दिलं, आणि सर पुढचा पेपर नीट वाचतात की नाही हे बघत ती त्यांच्या शेजारीच ठाण मांडून बसली.