पुढच्या सीटवरचे पाहुणे

मी जनावरांचा डॉक्टर झालो तो शंकरमामांमुळे. गाईचं दूध विकून त्यांनी मला शिकवलं. त्याच गाईची लेक चंद्री आता गाभण राहत नव्हती.

दर आठवड्याला मी संभाजीनगरहून गंगापूरकडं एकाच प्रवासी जीपनं वळूंचं गोठवलेलं वीर्य नेतो, गाई भरवायला. द्रव नायट्रोजनचं भांडं कलंडून गारवा गेला, की सगळं फुकट. जीपवाल्याचं नाव मी कधी विचारलं नाही. तो भांडं पुढच्या सीटवर आपल्या गमछ्यानं बांधतो, प्रत्येक थांब्यावर त्यावर हात फिरवतो आणि आरशात बघून सांगतो, “घाम नाय आला. पाव्हणं गारच हायत.”

चंद्रीसाठी निघालो त्या दिवशी वाळूजला फेटा बांधलेला नवरदेव वऱ्हाडासकट चढला. त्याला पुढचीच जागा हवी होती.

“मागं बसा, दाजी,” जीपवाला भांड्यावर हात ठेवून म्हणाला. “तुमी एकटेच नवरदेव. ह्यात पन्नास हायत, अन् एकबी रुसला नाय.”

वऱ्हाड खो खो हसलं. नवरदेव मागं बसला.

पुढं मामांचा निरोप आला, ते मला भेटायला येणार होते, तेव्हा मी लिहिलं : “तीर्थरूप मामा, साष्टांग नमस्कार. चंद्री गाभण राहिल्याचं कळलं, फार आनंद झाला. मला भेटून परतताना माझ्या नेहमीच्या जीपनं जा. पुढची सीट मात्र मागू नका. ती आपल्या जावयांची आहे.”